चौदा वेळा उठलेली बोट

शीड मी शिवलं होतं, एवढाच माझा या प्रकरणाशी संबंध. बारामतीच्या पेठेत माझं शिवणकामाचं दुकान आहे, आणि शेजारच्या गाळ्यात तेव्हा सोनबाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मध्ये पत्र्याची भिंत. त्याच्याकडची खरखर, शिट्ट्या, आणि मध्येच कुठल्यातरी देशातली बाई गायला लागली की तिचं गाणं, हे सगळं मला मशीन चालवताना ऐकावं लागे. मी दोनदा भांडलो. दोन्ही वेळा त्यानं हसून चहा मागवला, म्हणून तिसऱ्यांदा भांडलो नाही.

सोनबा शेळगावचा, धनगराच्या घरचा. लढाईच्या दिवसांत पलटणीत भरती झाला, तिथं वायरलेस शिकला आणि दिवसभर बूट घालायची सवय घेऊन परत आला. मेंढरं तोवर चुलत्यांकडे गेली होती. गावात त्याची आई आक्काबाई एकटीच राहायची. लोकर कातायची आणि विणून आलेल्या घोंगड्यांना खळ लावून द्यायची. चिंचोके भाजून, सोलून, भिजवून वाटायचे, शिजवून त्यांची चिकट खळ करायची, ती कुंच्यानं घोंगडीवर ओढायची आणि घोंगडी ताणून उन्हात वाळवायची. मग ती पाठीवर ताठ राहते, वारा आणि पाऊस अडवते. आक्काबाईच्या खळीचं नाव आसपासच्या पाच-सहा गावांत होतं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

मीही तिच्याकडून एक घोंगडी घेतली होती. एका कोपऱ्यात खळ कमी बसली होती, ते मी सोनबाला सहज बोलून गेलो. दोन दिवसांनी भर दुपारी आक्काबाई माझ्या दुकानात हजर. शेळगावाहून चालत आलेली. मी म्हटलं, "आक्काबाई, सोनबाबरोबर पाठवली असती की."

"माझ्या हातानं बिघाडली, मीच नेणार. दुसऱ्याच्या हातनं कशापायी मागवू?"

घोंगडी डोक्यावर टाकून ती परत गेली. धुऊन, नव्यानं खळ लावून पुन्हा स्वतःच आणून दिली. चहाला नको म्हणाली, पाणी तेवढं प्यायली. माझ्याकडे एखादं गिऱ्हाईक उसवलेली बाही घेऊन आलं तर मी आधी त्याच्याशी वाद घालतो, त्यामुळे तिची ही रीत माझ्या चांगलीच लक्षात राहिली.

तिचा नवरा म्हस्कू भीमेत बुडाला होता. सोनबा तेव्हा पलटणीतच होता, त्याला पत्रानं कळलं. नदीला पाणी चढलेलं, कोकरं पलीकडे करमाळ्याच्या अंगाला न्यायची होती, नाव मिळेना, म्हणून म्हस्कूनं काहील काढली. उसाचा रस आटवायची ती मोठी लोखंडी काहील. गुऱ्हाळ बंद असलं की आमच्याकडे तीच नावेसारखी नदीत घालतात. मधोमध काहील पालथी झाली ती पालथीच राहिली, आणि म्हस्कू तिच्याखाली सापडला. तेव्हापासून आक्काबाईनं भीमा ओलांडली नव्हती.

तिच्या न जाण्यानं बरीच वर्षं कुणाचं काही अडलं नाही. तिची लेक सिंधुबाई पलीकडेच दिलेली होती, पण ती दर दिवाळीला इकडे यायची. मग सिंधुबाई माळ्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ते नीट बसलं नाही आणि ती खाटेला खिळली. तीन वर्षं मायलेकींची गाठ नव्हती. डाळजच्या घाटावरून नावेनं गेलं तर पाव तासाचं अंतर. भिगवणहून आगगाडीनंही पलीकडे जाता येतं, हे आक्काबाईला सगळ्यांनी सांगून झालं होतं. तिचं म्हणणं, पूल असला तरी खाली पाणी तेच. सोनबानं फारच लावून धरलं तेव्हा ती म्हणाली, "पालथं पडल्यालं आपसूक सुलटं हुईल, तवा बशीन म्या नावंत."

ही नाही म्हणायची पद्धत झाली. दुसऱ्या कुणीही ऐकलं असतं तर तो गप्प बसला असता. पण सोनबा पलटणीत राहिलेला माणूस. त्यानं तो हुकूम समजून वहीत लिहून घेतला.

त्या वहीत पुढे दोन वर्षं भर पडत गेली. पुण्याच्या जुन्या बाजारात वायरलेसचे सुटे भाग शोधताना त्याला एक परदेशी मासिक सापडलं होतं. त्यात एका शिडाच्या बोटीचं चित्र होतं. बोटीच्या खाली पाण्यात पंख लावलेले. वेग आला की ते पंख बोटीला वर उचलतात आणि बोट पाण्यापासून सुटून नुसत्या पंखांवर पळते. सोनबानं ते चित्र मला इतक्या वेळा दाखवलं की मला त्यातल्या खलाशाच्या टोपीची शिवण पाठ झाली.

"आईला पान्याचंच भ्या हाय ना, रामहरीराव? मग बोट पान्याला शिवायचीच न्हाय."

"आणि वारा पडला म्हणजे?"

"मग बसंल पान्यावर. पर पालथी ऱ्हायची न्हाय. ती पडली तरी उठणार."

मोठी बोट करण्याआधी लहान करून बघायची, हे मलाही पटलं. जी मुद्दाम पाडायची तिच्यात बसायला कोण येणार? आमच्या आळीतल्या महिपती सुतारानं पांगाऱ्याच्या लाकडाची अडीच हात लांब होडी कोरली. लाकूड इतकं हलकं की एका हाताच्या बोटांवर तोलावं. पंख शिसवीचे. महिपतीतात्यानं जन्मभर बैलगाड्यांची चाकं केलेली. सोनबानं त्याचे चार जोड परत केले तेव्हा तात्या रंधा आपटून निघून गेला होता. पण भांडण पंखांच्या तिरकेपणाचं, त्यांच्या कोनाचं होतं. पंख जास्त तिरके लावले की बोटीचं नाक उडायचं आणि धपकन खाली यायचं. कमी लावले की ती उठायचीच नाही. पाचवा जोड तात्यानं न बोलता आणून ठेवला आणि दोरीनं ओढून बघितल्यावर तो बरोबर निघाला.

पालथं पडलेलं सुलटं व्हायला दोन उपाय केले होते. होडीच्या पोटाखाली लोखंडी पट्टीला शिसं लावलं, मोटारीच्या मेलेल्या बॅटऱ्या फोडून वितळवलेलं. आणि डोलकाठीच्या टोकाला एक छोटा वाळलेला भोपळा बांधला. पोरं पोहायला शिकताना पाठीला बांधतात तसला. बोट आडवी झाली की भोपळा डोलकाठीला बुडू देत नाही आणि शिसं खालून ओढून तिला उभी करतं. शेळगावच्या विहिरीत सोनबानं ती शीड चढवून चौदा वेळा पाडली. चौदाही वेळा, सहा आकडे मोजेपर्यंत, ती उभी राहिली. वहीत तारखेसकट चौदा खुणा होत्या.

मी विचारलं, याला वायरलेस कशाला? लांब दोरी बांध आणि ओढ.

तो म्हणाला, "दोरी दिसली की आये म्हननार, तूच वढून उभी केलीस."

हे खरं होतं. ती तसंच म्हणाली असती. मग त्यानं वायरलेसच्या परवान्यासाठी अर्ज केला, परवाना आठ महिन्यांनी आला, आणि त्यानं एक पेटी केली. पेटीवर एरियलची माणसाएवढी उंच दांडी आणि एकच बटण. बटण दाबलं की बोटीतल्या पीळ दिलेल्या रबराला एक हिसका मिळायचा आणि सुकाणू वळायचं. एका दाबाला डावीकडे, पुढच्या दाबाला उजवीकडे. आधी कुठल्या बाजूला वळवलं होतं ते सोनबाला लक्षात ठेवावं लागे, म्हणून तो बोट चालवताना सारखा पुटपुटायचा.

राहता राहिलं शीड. पॉपलीनचं, तिकोनी, त्याच्या आराखड्याबरहुकूम. मी ते तीनदा उसवून शिवलं. बोट छान पळायची, पण पंखांवर चढायची नाही. जरा नाक उचलून पुन्हा बसायची. "शीड ढिलं पडतंय, वारा धरंना," हे वाक्य मी पंधरा दिवस ऐकलं. रविवारी तो शेळगावी जायचा, तेव्हा तिथंही हेच बोलत असणार.

फाल्गुनातला एक दिवस ठरला. शेटफळच्या तलावावर दुपारनंतर पश्चिमेचा वारा एकसारखा असतो. मी दुकान बंद ठेवून गेलो. का गेलो ते मला सांगता येणार नाही. शीड कसं दिसतं ते बघायला, असं मी घरी सांगितलं. महिपतीतात्या आला. आक्काबाई शेळगावाहून बैलगाडीत आली, डोलकाठीला गुंडाळलेलं शीड मांडीवर घेऊन. आदल्या रविवारी सोनबानं ते शेळगावच्या घरीच ठेवलं होतं. बंधाऱ्यावर एका बाभळीखाली ती पाण्यापासून चांगली पन्नास पावलं दूर बसली.

सोनबानं डोलकाठी बसवली, शीड सोडलं. ते ताठ होतं. मी हात लावून पाहिला. कापडाला करकरीतपणा आला होता. मला वाटलं, यानं धोब्याकडून कांजी आणि इस्त्री करून आणलं. नंतर कळलं, त्याला वाटलं होतं की मी गुपचूप दुसरं कापड घालून दिलं. दोघांनाही एकमेकांचं कौतुक करायची सवय नव्हती, म्हणून दोघंही गप्प बसलो.

बोट पाण्यात ठेवली. वारा भरला, शिडाला सुरकुती म्हणून पडली नाही. वीसेक हात ती नुसती पळाली. मग नाक वर आलं, मग सगळं अंगच वर आलं, आणि बोट पाण्यावर चार बोटं अंतर ठेवून जाऊ लागली. तिच्या खालून पलीकडचा काठ दिसत होता. मी काही हळवा माणूस नाही, पण माझ्या अंगावर काटा आला. महिपतीतात्या "माझं पंख, माझं पंख," एवढंच म्हणत होता. आणि आक्काबाई बाभळीखालून उठून उभी राहिली होती.

"अगं बया, पान्याला शिवंना की ही!"

सोनबानं बटण दाबून दोन मोठी वळणं घेतली. त्याचा चेहरा घामानं भिजला होता. आक्काबाई पंधरा-वीस पावलं खाली उतरून आली.

"बरं, आता पाड तिला," ती म्हणाली.

आम्ही सगळे याच वाक्यासाठी आलो होतो. सोनबानं बटण दाबून धरलं. सुकाणू वळलं, बोट वाऱ्याला आडवी झाली आणि कुशीवर पडली. भोपळा पाण्यावर तरंगत राहिला. मी मनात मोजायला सुरुवात केली. सहा झाले. दहा झाले. डोलकाठी वीतभर वर आली, थरथरली आणि पुन्हा आडवी झाली. विसापर्यंत मोजलं. पुन्हा वीतभर उठली, पुन्हा पडली. नंतर तीही हालचाल थांबली.

 बोट काठापासून साठ-सत्तर हातांवर पडून होती, आणि शिडाभोवतीचं पाणी हळूहळू गढूळ, पांढुरकं होत चाललं होतं. सोनबा त्या पाण्याकडे टक लावून बघत होता. मग पेटी खाली ठेवून म्हणाला, "आये, माझी चूक झाली. शिसं कमी पडलं."

मला राहवेना. "शिसं कसलं कमी? विहिरीत चौदा वेळा..." एवढं म्हणालो आणि माझ्या पायावर पलटणीतला बूट पडला. मुद्दाम. मी कळवळून गप्प झालो. राग आला होता, पण कारण कळलं नव्हतं.

आक्काबाईला मात्र कळलं. ती आणखी खाली आली आणि डोळ्यांवर आडवा हात धरून तिनं पाण्याचा रंग बघितला.

"ती माझी खळ हाय," ती म्हणाली.

"न्हाय आये. शिसंच..."

"मला सांगतुस? चाळीस वरसं खळ लावतिया. घोंगडं पहिल्यांदा भिजलं की पानी आसंच हुतं. ढिलं पडतंय, ढिलं पडतंय म्हनत हुतास, म्हनून दोन हात दिलं म्या. नव्या कापडाला खळ नगं व्हय?"

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. खळीनं कापडाची भोकं बुजली होती. म्हणूनच शिडानं वारा असा धरला आणि बोट उडाली. आणि म्हणूनच ती आडवी पडल्यावर शिडावर चढलेलं पाणी खाली झिरपेना. शिडाची पाण्यानं भरलेली परात झाली. ते वजन बिचाऱ्या शिशाला उचलेना. साध्या पॉपलीनमधून ते केव्हाच गळून गेलं असतं. सोनबाला पाणी पांढुरकं झाल्याबरोबर हे कळलं होतं. आईची चूक सांगितली असती तर बोट खरी ठरत होती. त्यानं दोन वर्षांचं काम खोटं पाडलं होतं, आणि तेही कुणासमोर, तर जिच्यासाठी केलं तिच्यासमोर. त्या क्षणी मला तो पोरगा फार आवडला, आणि माझा अंगठाही ठणकत होता.

तो खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला. तेवढ्यात जोतीराम कोळी त्याची काहील घेऊन काठाला आला. तो या तलावात मासे धरायचा, तसल्याच एका जुन्या गुळाच्या काहिलीतून. "मी आनतो बोट, बसा तुमी," तो म्हणाला.

"तू न्हाय," आक्काबाई म्हणाली. "माझ्या हातानं बिघाडलं. मी आनते."

सोनबा नाडी हातात धरून तसाच वर बघत राहिला. ती काठाशी गेली होती. लुगड्याचा काष्टा खोचला, काहिलीच्या कडेवरचा एक कान धरला आणि पाय आत टाकला. काहील कलली. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले, दोन्ही कान दोन्ही हातांनी पकडले आणि मधोमध फतकल मारून बसली. जोतीरामनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी हलवली. त्यानं काहील लोटली.

सोनबा एका पायात बूट, एका पायात नाही, असा पाण्यात शिरला आणि छातीएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला.  लोखंडी काहील गोल असते, ती सरळ जात नाही, गिरक्या घेत जाते. दर गिरकीला आक्काबाईचं तोंड आमच्याकडे व्हायचं आणि ते मिटलेले डोळे दिसायचे. म्हस्कूची काहील अशीच गेली असणार. महिपतीतात्या दुसरीकडे तोंड करून उभा राहिला होता.

बोटीशी गेल्यावर जोतीराम काहीतरी बोलला. तिला डोळे उघडावे लागले, कारण डोळे मिटून शीड धरता येत नाही. एक कान सोडून तिनं हात लांब केला. काहील तिच्या बाजूला झुकली, कडेवरून पाणी आत आलं, आणि सोनबा "आये!" असा ओरडला. तिनं शिडाची कड पकडून वर उचलली. शिडावरचं पाणी घळघळ ओतलं गेलं. तिनं हात काढून घेतला. आणि तिच्या पुढ्यात, कुणी हात न लावता, बोट सरळ उभी राहिली. भोपळा टोकावर हलत होता.

आक्काबाई बोटीकडे बघत बसली. मग तिनं बोट बोटानं ढकलून पुन्हा आडवी पाडली. शिडात आता ताठपणा उरला नव्हता. पाणी गळालं आणि बोट उठली. तिनं परत पाडली. ती परत उठली. भर तलावात, काहिलीत बसून, साठीची बाई हे करत होती, आणि जोतीराम वल्हं आडवं धरून मुकाट्यानं थांबला होता.

परत येताना तिचे डोळे उघडे होते. बोट मांडीवर होती आणि एकच हात काहिलीच्या कानावर होता. काठाला उतरताना सोनबानं तिला धरलं. तो रडत होता आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हता.

"रडतुस कशापायी? उठती ही," ती म्हणाली. "चांगली उठती."

"आये, शीड धुऊन वाळवतो. उद्या परत दाखवतो तुला, नीट, वायरलेसवर. मग मोठी बोट कराया घेतो. लई तर दोन वरसं लागतील. ती झाली की आपन सिंधीकडं..."

"दोन वरसं? तवर ती माझी वाट बघत पडून ऱ्हाणार व्हय?" तिनं पदरानं बोट पुसून त्याच्या हातात दिली. "डाळजची नाव सकाळी कितीला सुटती त्ये सांग."

 ज्या गोष्टीसाठी सोनबानं एवढं केलं ती त्याच्या बोटीशिवायच होऊन गेली होती, आणि त्याला आनंद करावा की हिरमुसावं हे ठरवता येत नव्हतं. ओल्या बाहीनं त्यानं नाक पुसलं.

"सातला," तो म्हणाला. मग म्हणाला, "आनि परतीची साडेचारला."

"परतीचं कुनी इचारलं?" आक्काबाई म्हणाली आणि बैलगाडीकडे चालू लागली.